यानाची तार निर्मळच्या खांबाला

माणिकपूरच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं एका तारेपायी पोरांची बोलणी खाल्ली. आमच्या वाडीचं एक यान आहे. ते मंगळापलीकडे गेलं, शनीपलीकडे गेलं, पण त्याच्यातला टेलिफोन अजून तारेने पृथ्वीला जोडलेला आहे. एकच तार, मागे सुटत सुटत गेलेली. हे मी लिहिलेलं आहे. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर सगळ्यात आधी मीच हसले असते.

यान म्हणजे नाटक. वसईकडे गिरीजला आमच्या वाडीत, म्हणजे केळी, नारळ आणि त्यांच्या मधल्या जागेत आम्ही माणसं, माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटक होतं. गेली तीसेक वर्षं ते एकाच यानाचं होतं आहे. दर वर्षी नवा भाग, यान तेच, कप्तान तोच, गोष्ट पुढे चालू. कप्तान म्हणजे माझा नवरा. त्याचा चंदेरी सूट आजवर तीनदा उसवून मोठा केला आहे आणि चौथ्यांदा उसवायला आता त्यात कापड उरलेलं नाही.

गेल्या वर्षी ती तार कापायची संधी माझ्यापुढे चालून आली. तार गेली की मी सुटले. पण तारेच्या पृथ्वीकडच्या टोकाला माझे सासरे बसत, वय वर्षं चौऱ्यांशी, आणि तार गेली की नाटकात त्यांना बसायला जागा राहत नव्हती. अडचण तेवढीच होती. तेवढ्या अडचणीपायी आमच्या घरात दोन आठवडे कोणी कोणाशी धड बोललं नाही.

आधी तार आली कुठून ते सांगते. मी देशावरची, लग्न होऊन इथे आले. दुसऱ्या वर्षी मंडळाला मुकुट आणि तलवारी भाड्याने देणारा माणूस ऐन वेळी फिरला, आणि राजाच्या नाटकाला राजा होता पण मुकुट नव्हता. तेव्हा कोणीतरी म्हणालं की नवी सून सायन्स शिकलीय, ती सायन्सचं काहीतरी लिहील, त्याला मुकुट लागत नाही. मी चार दिवसांत लिहिलं. इसवी सन दोन हजार वीसमध्ये वसईहून एक यान निघतं, अशी सुरुवात. तेव्हा दोन हजार वीस म्हणजे आमच्या बापजन्मात न उजाडणारं साल वाटत होतं. पुढे ते उजाडलं, आणि त्या साली आम्ही अंतराळात सोडाच, गिरीजच्या नाक्यापर्यंतसुद्धा गेलो नाही.

यानाचं यंत्र फळांच्या खोक्यांच्या फळ्यांचं केलं होतं. त्यावर सायकलचे दिवे आणि मधोमध आमच्या घरचा काळा टेलिफोन. तो वाडीतला पहिला फोन. अर्ध्या वाडीच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर असायचा, पुढे पी.पी. लिहून. फोन आला की बाबा, म्हणजे माझे सासरे, सायकलवर टांग मारून ज्याचा असेल त्याच्या दारात जायचे. अंघोळीत असलेल्या माणसाला टॉवेलावर आणलेलं मी पाहिलं आहे. माणूस बोलत असेपर्यंत बाबा ओट्यावर पाठ करून बसत, म्हणजे ऐकू येतं ते ऐकू येत नाही असं दिसावं म्हणून.

बाबांची बोली मला तीस वर्षांत बोलता आलेली नाही, लिहिता तर येतच नाही. त्यामुळे इथे ते माझ्या मराठीत बोलतील. त्यात ते जरा जास्त पुस्तकी वाटले तर तो दोष माझा.

मी संहितेत स्वच्छ लिहिलं होतं की यानातला फोन बिनतारी आहे. पण घरच्या फोनची वायर लोंबत होती, ती कोणीतरी व्यवस्थित रंगमंचाखाली सोडली, आणि पायऱ्यांपाशी स्टुलावर बाबांना बसवून दुसरा एक मोडका फोन त्यांच्या हातात दिला, कारण पृथ्वीचा आवाज त्यांचा होता. नाटक सुरू झालं. कप्तानाने रिसीव्हर उचलला. पहिल्या रांगेत माझ्या नवऱ्याची आत्या बसली होती. तिने भर नाटकात विचारलं, "ती वायर कुठे जाते?"

माझा नवरा रिसीव्हरकडे बघत राहिला. त्याला पाठ केलेल्यापलीकडे एक अक्षर सुचत नाही, अजूनही सुचत नाही. मी विंगेत कपाळाला हात लावला. तेवढ्यात पायऱ्यांपाशी बाबांनी रिसीव्हर वर करून दाखवला आणि म्हणाले, "इकडे येते. मी पृथ्वी आहे."

टाळ्या थांबेनात. माझी सगळी बिनतारी यंत्रणा त्या टाळ्यांत वाहून गेली.

पुढल्या वर्षी मी तार काढायला बघितली तर आत्याबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी होती ना? मग कुठे गेली?" यानाचा कायदा तेव्हा ठरला. मागचं मोडायचं नाही. आणि मागचं काय, हे आत्याबाई ठरवणार. दर वर्षी पडदा उघडायच्या आधी त्या अबोलीचा गजरा माळून पहिल्या रांगेत उभ्या राहतात, लोकांकडे तोंड करतात आणि आतापर्यंत काय काय झालं ते सांगतात. त्यांनी सांगितलं ते घडलं. त्यांनी नाही सांगितलं ते घडलेलंच नाही. सहाव्या भागाच्या वेळी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यांनी तो पाहिला नाही, म्हणून सहावा भाग झालाच नाही. त्यात मेलेले दोघे जण सातव्या भागात निवांत चहा पीत होते आणि त्याबद्दल वाडीत कोणाचीही तक्रार नव्हती.

तार मात्र त्यांनी प्रत्येक वर्षी सांगितली. मग काय करते, मीही लिहीत गेले. एकदा तार शनीच्या कड्यांत अडकली. एकदा परग्रहवाल्यांनी तिच्यावर कपडे वाळत घातले. एकदा यानातली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, संपली तेव्हा बाबांनी इकडून तारेला बांधून डझनभर सुकेळी पाठवली. आणि प्रत्येक भाग एकाच बोलण्याने संपायचा. कप्तान विचारायचा, "घरी सगळे बरे आहेत का?" बाबा म्हणायचे, "बरे आहेत. तुम्ही पुढे जा." पडदा. ही शेवटची दोन वाक्यं माझी आहेत आणि ती मला आवडतात, हे कबूल करते.

पण शाळेत माझे हाल कुत्रा खात नव्हता. नववीतल्या एका मुलीने भर वर्गात विचारलं, "बाई, पृथ्वी फिरते ना, मग ती तार पृथ्वीला रिळासारखी गुंडाळली नाही का जाणार?" प्रश्न बिनतोड होता. मी तिला बस खाली म्हटलं आणि घरी येऊन चिडचिड केली. बाबा केळीच्या पानांचा भारा बांधत होते. ते म्हणाले, "म्हशीच्या दाव्याला भोवरकडी असते की. म्हैस कितीही गोल फिरली तरी दाव्याला पीळ पडत नाही. तशी बसवायची."

त्या वर्षी त्यांनी ते स्टुलावरून सांगूनच टाकलं. निर्मळ गावच्या तळ्यापाशी एक लोखंडी खांब आहे, त्याला भोवरकडी आहे आणि तिथून तार वर गेली आहे. दुसऱ्या दिवशी रिक्षावाले गिऱ्हाइकांना तो खांब दाखवत होते. मी निर्मळवरून स्कूटरने जाताना आजही त्या बाजूला बघत नाही.

आता गेल्या वर्षीचं. माझी लेक मुंबईतल्या एका कंपनीत संगणकाचं काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. तिने दिग्दर्शन हाती घेतलं आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "आई, पहिल्या रांगेतल्या पोराच्या हातात मोबाइल आणि शनीपलीकडच्या कप्तानाच्या हातात तबकडीचा फोन. पोरं हसतात गं."

"पोरं तीस वर्षं हसतायत," मी म्हटलं, "मला विचार."

मंडळाकडे आता मोठा एलईडी पडदा येतो. तिला यानात बोटाने चालणारे पडदे हवे होते, बोलणारा संगणक हवा होता. पण मागचं मोडायचं नाही. यान निघालं तेव्हा त्यात फळ्या आणि सायकलचे दिवे होते, मग मधेच अंतराळात हे नवं आलं कुठून? वाटेत दुकान लागलं का? आम्ही मायलेकी तीन संध्याकाळ डोकं खाजवत होतो. शेवटी तिनेच काढलं. दोन हजार वीस हे साल आत्याबाईंनी कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे जुनं यान जुन्या काळात निघालं, ते जुनंच राहणार. पण इकडे पृथ्वीवर काळ पुढे गेलाच की. तर आज इथून नवं यान निघतं, दसपट वेगाने जातं, जुन्याला गाठतं आणि नवं सामान त्यांच्या हवाली करतं. मागचं काहीच मोडत नाही, पुढचं सगळं बदलतं. मी उठून तिच्या पाठीवर थाप मारली. पोरीने आईच्या तीस वर्षांच्या घोळावर तीन दिवसांत उतारा काढला होता.

आत्याबाईंकडे परवानगी मागायला गेलो. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "होऊ शकतं. सायकलवाला पुढे निघाला तरी मागून स्कूटरवाला येऊन गाठतोच." झालं, शास्त्रीय मान्यता मिळाली.

मग मी तो प्रवेश लिहिला. नवं यान येतं, कप्तानाला बिनतारी यंत्र देतं आणि कप्तान कोयत्याने तार कापतो. काय सांगू, ते लिहिताना मला इतकं बरं वाटलं की मी तो कागद दोनदा वाचला. लिहून झाल्यावर नवरा म्हणाला, "आणि बाबा?"

मी म्हटलं, "बाबांचं काय?"

"ते कुठे बसणार?"

खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. त्याच्या आदल्या वर्षी बाबा तीनदा अडखळले होते. ऐकू कमी येतं, त्यामुळे कप्तान काही विचारायचा आणि ते भलतंच सांगायचे. एका जागी त्यांनी "पृथ्वी बोलतेय" असं ओळीने चारदा म्हटलं आणि नवऱ्याला दरदरून घाम फुटला. मी मनाशी म्हटलं होतं की आता त्यांना त्रास नको. माणसाला स्वतःचं सोयीचं असलं की दुसऱ्याचा त्रास फार चटकन दिसतो.

लेकीने त्यावरही उपाय शोधला होता. आजोबांचा आवाज ती मोबाइलवर भरून घेणार आणि मग संगणक त्यांच्या आवाजात हवं ते बोलणार, न अडखळता. तिने नमुना करूनही आणला. आम्ही बाबांना ओट्यावर बसवून तो ऐकवला. मोबाइलमधून बाबांचा आवाज आला, "हॅलो, पृथ्वी बोलत आहे. आपण कुठे पोहोचला आहात?"

बाबांनी कान पुढे करून दोनदा ऐकलं. "हा कोण?"

"तुम्हीच, आजोबा."

"नाही गं. हा शिकलेला दिसतो."

लेक हसली, मी हसले. बाबा हसले नाहीत. मग घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तार माझी होती आणि सांगायचं कामही माझंच होतं. मी संध्याकाळी वाडीत गेले. ते पाटाच्या कडेला उभे राहून केळींना पाणी लावत होते. मी सगळं सांगितलं, नवं यान, नवी यंत्रं, तार कापणार ते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग मी कुठे?"

मी तयारी करून गेले होते आणि तरीही माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही उद्घाटनाचा नारळ फोडा ना, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली वाकून पाटाचं तोंड दुसऱ्या सरीकडे वळवलं. मला तिथेच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या मांडवातून दोन्ही फोन गेलेले होते. तारेसकट. कोणी नेले ते विचारायची गरज नव्हती, सायकलच्या चाकाच्या खुणा सरळ आमच्या वाडीतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपर्यंत गेल्या होत्या. बाबा जेवायला आले, मुकाट जेवले आणि परत तिकडेच गेले. संध्याकाळी आत्याबाईंचा निरोप आला की माझा भाऊ नाटकात नाही तर मी मागचं सांगणार नाही. आणि आत्याबाईंनी मागचं सांगितलं नाही तर काहीच झालेलं नाही, यान निघालंच नाही, तीस वर्षं पाण्यात.

मग घरात जे व्हायचं ते झालं. नवरा म्हणाला, "एका तारेने तुझं काय बिघडत होतं?" मी म्हटलं, "तुम्हाला नववीच्या वर्गापुढे उभं राहावं लागलं नाही, म्हणून बोलताय." लेक म्हणाली, "मी फक्त सुचवलं होतं." कोणी माघार घेईना. असे बारा-तेरा दिवस गेले. तालीम होई, कप्तान रिकाम्या हाताने रिसीव्हर उचलल्यासारखं करी आणि मधेच थांबून खुर्चीत बसे.

उत्सवाला चार दिवस राहिले तेव्हा माझा संयम संपला. म्हटलं, आता जाऊन सोक्षमोक्ष लावते. चहाचा कप घेतला, तो भांडणाला निमित्त म्हणून, आणि तरातरा मोटारीच्या खोलीकडे गेले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं. हट्टीपणा शोभतो का, नातीचा उत्साह मोडताय, सगळं ओळीने लावून ठेवलं होतं.

मोडका फोन, म्हणजे पृथ्वीचा, बाहेर धुण्याच्या दगडावर होता. त्याची तार दारातून आत गेली होती. आत पालथ्या बादलीवर बाबा बसले होते, मांडीवर यानातला काळा फोन घेऊन. ते तबकडी फिरवत होते. एक आकडा फिरवायचे, तबकडी मागे येईपर्यंत थांबायचे, मग दुसरा.

मला बघून म्हणाले, "याला जोर लागतो गं. बोट दुखतं. तुझा नवरा कसा फिरवतो?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे धरला. मी म्हटलं, "तुम्ही काय करताय?"

"शिकतोय."

"काय?"

"फोन करायला." त्यांनी चहा घेतला, बशीत ओतला. "तुझी तार काप तू. मला त्याचं काही नाही. फक्त त्याआधी मला एकदा वर घे."

"वर म्हणजे?"

"यानात. सगळे जाऊन आले. तुझा नवरा गेला, दूधवाला गेला, पोस्टातला तो उंच माणूस परग्रहवाला होऊन गेला. मी तीस वर्षं खालीच. पायऱ्यांवरून यान दिसतसुद्धा नाही, नुसते पाय दिसतात सगळ्यांचे." चहा भुरकून झाल्यावर ते म्हणाले, "आणि घरी फोन होता तेव्हाही तेच. सगळ्या वाडीचे फोन मी घेतले, सगळ्यांना बोलावून आणलं. मी कोणाला करणार? माझी माणसं सगळी इथेच."

मी दारातच उभी होते. मोटार घरघरत होती म्हणून बरं, नाहीतर मी नाक ओढलेलं त्यांना ऐकू आलं असतं. तेवढं त्यांना नेमकं ऐकू येतं.

घरी येऊन मी तो प्रवेश फाडला आणि नवा लिहिला. लिहायला बसल्यावर कळलं की लेकीच्या नव्या यानातही एक मोठं भोक होतं आणि ते आम्हा दोघींनाही दिसलं नव्हतं. एवढ्या अंतराळात नवं यान जुन्या यानाला शोधणार कसं? तर तार धरून. निर्मळच्या खांबापासून तार धरून निघायचं, दुसऱ्या टोकाला जुनं यान असणारच. मग तार कापायची कशाला, उलट तिची देखभाल हवी. शनीपाशी दुसरी एक भोवरकडी आहे, ती गंजली आहे, तिला ग्रीस लावायला पृथ्वीवरचा ऑपरेटर, म्हणजे बाबा, स्वतः नव्या यानातून जातो. लेकीने वाचलं आणि म्हणाली, "आई, हे माझ्यापेक्षा भारी आहे." नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, "पण मग खाली कोण?"

लेक म्हणाली, संगणक आहे ना. बाबा आतल्या खोलीतून ओरडले, "त्या शिकलेल्याला नको."

आत्याबाई पहिल्या रांगेतून हलणार नव्हत्या. लेक पडदा सांभाळणार होती. उरलं कोण? ज्या बाईने जन्मभर त्या तारेला शिव्या घातल्या, ती बाई तारेच्या टोकाला स्टुलावर बसली. स्टूल फारच कमी उंचीचं आहे. खरंच नुसते पाय दिसतात.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मागचं सगळं सांगितलं, भावाचं नाव जरा जास्तच वेळा घेऊन. एलईडी पडद्यावर शनी आला तेव्हा वाडी आ वासून बघत राहिली. नवं यान निळा उजेड टाकत आलं आणि त्यातून बाबा उतरले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, टोपी, हातात ग्रीसचा डबा. नवऱ्याने त्यांना हात धरून कप्तानाच्या खुर्चीत बसवलं. संहितेप्रमाणे त्यांनी फोन लावायचा होता आणि म्हणायचं होतं, "भोवरकडी दुरुस्त झाली." तेवढं एकच वाक्य मी त्यांना दिलं होतं.

त्यांनी तबकडी फिरवायला घेतली. आमचा जुना नंबर, सगळा. प्रत्येक आकड्याला तबकडी सावकाश मागे यायची आणि तोवर सगळा मांडव थांबायचा. ज्या पोरांनी असा फोन कधी पाहिला नव्हता ती बाकावर उभी राहून बघत होती. शेवटचा आकडा झाला. मी सायकलची घंटी वाजवली, कारण पृथ्वीच्या फोनची घंटी सायकलचीच आहे, आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो, पृथ्वी बोलतेय."

आता बाबांचं वाक्य होतं. मी स्टुलावरून अर्धवट उठून पाहिलं. ते रिसीव्हर कानाला घट्ट धरून समोर बघत होते, जणू मी खरंच फार लांब होते. वाक्य विसरले हे मला कळलं. मी ते हळूच सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मी पोचलो गं. मोटार बंद केलीस का?"

मांडव हसून लोळला. मला मात्र हसू येईना, कारण दुपारपासून केळींना पाणी चालू होतं आणि नाटकाच्या गडबडीत मोटार बंद करायची मी साफ विसरले होते. वसईकडच्या सासऱ्याच्या लेखी एवढा मोठा गुन्हा दुसरा नाही. मी म्हटलं, "केली."

"बरं." मग त्यांनी विचारलं, "घरी सगळे बरे आहेत का?"

हे कप्तानाचं वाक्य. त्यांना ते तीस वर्षं ऐकून पाठ होतं. आता त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते तर मीच लिहिलेलं. बरे आहेत. तुम्ही पुढे जा. मी "बरे आहेत" म्हटलं. पुढचं तोंडातून निघेना. वर खुर्चीत चौऱ्यांशी वर्षांचा माणूस बसला होता, पांढरा शर्ट घालून, मागे अख्खा काळा आकाशाचा पडदा, आणि त्याला मी पुढे जा कशी म्हणू? एवढी वर्षं ते कप्तानाला सहज म्हणत आले. मला नाही जमलं. मी म्हटलं, "बरे आहेत. तुम्ही घरी या."

पहिल्या रांगेतून आत्याबाई म्हणाल्या, "असं नाही म्हणत. पुढे जा म्हणतात."

"यंदा असं म्हणतात," मी म्हटलं.

आत्याबाईंनी गजरा सारखा केला. बाबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, ग्रीसचा डबा उचलला आणि उठले. कप्तान त्यांना थांबवायला गेला, पण त्याच्याकडे त्यासाठी वाक्य नव्हतं. बाबा यानाच्या कडेपर्यंत आले, जमिनीवरची तार हातात घेतली आणि ती धरून एकेक पायरी उतरत माझ्या स्टुलापर्यंत आले. मागे शनी चालूच होता.

"खोटं बोलतेस," ते म्हणाले. "मोटारीचा आवाज येतोय मला."

मलाही मग आला, मांडवापलीकडून, केळींतून. त्यांनी हात पुढे केला. मी तो धरून उठले आणि आम्ही दोघं मोटार बंद करायला गेलो. पडदा कोणी पाडला मला माहीत नाही.

यंदाची तालीम सुरू झाली आहे. ऑपरेटर शनीवरून तार धरून चालत घरी आला, असं आत्याबाई सांगणार आहेत. त्याला किती वर्षं लागली, वाटेत खाल्लं काय, श्वास कुठला घेतला, हे नववीतलं कोणीतरी मला विचारणारच. मी सांगणार आहे, आला. मी हात धरला होता.